मत नसलेल्यांचा मोर्चा

डिसेंबर लागला की नागपुरात मोर्च्यांचा हंगाम सुरू होतो. यशवंत स्टेडियमच्या आसपास पहाटेपासून ट्रॅव्हल्स आणि टेम्पो येऊन थांबतात. बायका रस्त्याच्या कडेला बसून डबे सोडतात, कुणी झेंड्याला काठी बांधत असते, कुणी ध्वनिक्षेपक तपासत असते. दुपारी मोर्चा निघतो आणि टेकडी रोडवर किंवा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटवर पोलिसांच्या कठड्यांशी अडतो. मग चार-पाच जणांचे शिष्टमंडळ विधानभवनात नेले जाते, मंत्र्यांच्या हाती निवेदन पडते, आश्वासन मिळते आणि दिवस मावळताना गाड्या परत फिरतात. विनाअनुदानित शाळांचे शिक्षक येतात, धान आणि कापूस पिकवणारे शेतकरी येतात, कोतवाल येतात, कंत्राटी परिचारिका येतात. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेल्या नागपूर कराराने विदर्भाला वर्षातून निदान एका अधिवेशनाचा शब्द दिला. मुंबईपर्यंत पोचू न शकणाऱ्या माणसाला त्या शब्दामुळे सरकारच्या दारापर्यंत येता येते.

या गर्दीत एक गट स्वतःहून कधीच येत नाही. तो म्हणजे राज्यातली सहा वर्षांखालची मुले. त्यांना मत नाही, संघटना नाही, निवेदन लिहिता येत नाही. ती आली तर आईच्या कडेवर बसून, आईच्या मागणीसोबत येतात. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, अधिवेशन चालू असताना, याच शहरात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि ११४ जणांचा जीव गेला. त्यात बायका आणि लेकरे मोठ्या संख्येने होती. झिरो माइलपाशी त्यांचे स्मारक आहे. अधिवेशनाच्या बातमीसाठी जाणाऱ्या प्रत्येकाने तिथे एकदा थांबावे, असे मला वाटते.

मुलांच्या वतीने बोलायचे ते मोठ्यांनीच. महाराष्ट्रात असे बोलणारे नव्हते असे नाही. डॉक्टर, आशा, अंगणवाडी सेविका, मेळघाटात आणि पालघरात काम करणारे कार्यकर्ते, काही जिद्दी आमदार आणि काही संवेदनशील अधिकारी यांनी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत लहान मुलांचे आरोग्य पुन्हा पुन्हा विधिमंडळापर्यंत नेले. त्यातून निघणारा धडा साधा आहे. प्रश्न नेमका मांडून अखेरपर्यंत धरून ठेवला तेव्हा मुले वाचली. नुसता गाजवून सोडून दिला तेव्हा पुढच्या पावसाळ्यात तोच प्रश्न त्याच गावांतून परत आला.

कवच कशाचे?

आरोग्यसंरक्षण म्हटले की आज बहुतेकांच्या डोळ्यांसमोर विम्याचे कार्ड येते. त्याला कारणही आहे. १९९७ मध्ये राज्यात जीवनदायी योजना आली आणि हृदय, मेंदू, मूत्रपिंड अशा मोठ्या आजारांसाठी गरीब कुटुंबांना मदत मिळू लागली. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यात गडचिरोली आणि अमरावतीही होते. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली. कुटुंबामागे वर्षाला दीड लाखांपर्यंतचे उपचार, हातात पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड आणि रुग्णालयाच्या दारातच वाट दाखवणारा आरोग्यमित्र, असे तिचे स्वरूप होते. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०२० मध्ये ती केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी जोडली गेली. २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने ती सर्वांसाठी खुली करण्याचा आणि मर्यादा पाच लाखांवर नेण्याचा निर्णय घेतला. जन्मतः हृदयाला छिद्र असलेल्या, कर्करोग झालेल्या, भाजलेल्या कितीतरी मुलांना या योजनेने जीवदान दिले. तिचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही.

पण महाराष्ट्रातली मुले जातात ती कधी आणि कशाने, हे पाहिले की या कवचाची मर्यादा कळते. नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार राज्यात हजार जिवंत जन्मांमागे १६ बाळे पहिला वाढदिवस पाहत नाहीत. त्यांपैकी ११ पहिल्या २८ दिवसांतच जातात. म्हणजे दर तीन बालमृत्यूंपैकी दोन जन्मानंतरच्या चार आठवड्यांतले. कमी वजन, अपुऱ्या दिवसांचा जन्म, जंतुसंसर्ग, जन्मताना कोंडलेला श्वास ही त्यांची मुख्य कारणे. पुढच्या महिन्यांत न्यूमोनिया, जुलाब आणि या सगळ्यांना बळ देणारे कुपोषण. यांतले बरेचसे घरात, उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात रोखता येते. उशीर झाला की मगच जिल्हा रुग्णालय आणि विमा यांची पाळी येते, आणि तोवर अनेकदा वेळ निघून गेलेली असते.

म्हणून मुलांच्या कवचाचे तीन पदर धरावे लागतात. पहिला दाराशी येणाऱ्या आशाताईचा आणि अंगणवाडीचा. दुसरा प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयातल्या नवजात अतिदक्षता कक्षापर्यंतचा. तिसरा विम्याचा. सभागृहात तिसऱ्याची चर्चा सर्वांत जास्त होते. तिथे रकमेचा आकडा मोठा असतो, लाभार्थ्यांची संख्या सांगता येते, कार्डवाटपाचा कार्यक्रम घेता येतो. पहिल्या पदराची चर्चा होते ती बहुधा संप झाल्यावर.

आकड्यांनी हलवलेले सरकार

१९९२ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या जव्हार तालुक्यात, वावर-वांगणीला, शंभराहून अधिक मुले दगावली. तो भाग आज पालघर जिल्ह्यात आहे. पाठोपाठ अमरावती जिल्ह्यातल्या धारणी आणि चिखलदरा या तालुक्यांतून, म्हणजे मेळघाटातून, कोरकू मुलांच्या मृत्यूंच्या बातम्या येऊ लागल्या. विधिमंडळात गदारोळ झाला, मंत्र्यांचे दौरे झाले, उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाल्या. १९९५ मध्ये आदिवासी भागांसाठी नवसंजीवनी योजना आली. मानसेवी डॉक्टरांची भरारी पथके, पाड्यावरची स्वयंसेविका, गरोदर आदिवासी बाईसाठी मातृत्व अनुदान, पावसाळ्यापूर्वी दुर्गम गावांत धान्य आणि औषधे पोचवणे या गोष्टी तेव्हापासून सरकारी कामाचा भाग झाल्या. न्यायालय, वृत्तपत्रे आणि सभागृह यांनी एकाच वेळी दाब दिला की काय होऊ शकते, याचे हे उदाहरण.

तरीही एक मूलभूत अडचण होती. मुले किती मरतात हेच नीट माहीत नव्हते. सरकारी नोंदींत मृत्यू कमी दिसत. जन्मताच गेलेले बाळ मृत जन्मलेले म्हणून लिहिले जाई, घरी झालेला मृत्यू कुठल्याच वहीत चढत नसे. सभागृहात प्रश्न आला की मंत्री नोंदवहीतला आकडा वाचत आणि चर्चा तिथेच थांबे.

ही कोंडी फोडली ती गडचिरोलीतल्या कामाने. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. गावातल्याच बायकांना शिकवून नवजात बाळाची घरी काळजी घेता येते का, हे त्यांनी ३९ गावांत तपासले आणि त्याची तुलना शेजारच्या ४७ गावांशी केली. १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष आले. नवजात मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांच्या मानाने ६२ टक्क्यांनी घटले होते. फारशा न शिकलेल्या बाईच्या हातून, बाळाच्या घरात, हे घडले होते.

पुढचे पाऊल राजकीय होते. राज्यातल्या १३ संस्थांनी एकत्र येऊन आपापल्या भागातले जन्म आणि मृत्यू सारख्याच पद्धतीने मोजले. २००१ मध्ये 'कोवळी पानगळ' हा अहवाल निघाला. महाराष्ट्रात दर वर्षी सुमारे १ लाख ७५ हजार मुले मरतात, असा त्याचा अंदाज होता. हा आकडा सरकारच्या नोंदींपेक्षा इतका मोठा होता की तो टाळता येणे शक्य नव्हते. वृत्तपत्रांनी तो उचलला, विरोधकांनी सभागृहात मांडला. अखेर सरकारने डॉ. अभय बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. एरवी आरोप झाला की सरकार आपला बचाव करते. इथे आरोप करणाऱ्यालाच मोजणीचे काम दिले गेले.

त्याच सुमारास औरंगाबादचे विभागीय आयुक्त व्ही. रमणी यांनी मराठवाड्यात कुपोषणाविरुद्ध मोहीम उभी केली होती. २००५ मध्ये राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन स्थापन झाले, तेव्हा त्याची धुरा त्यांच्याकडेच आली. गर्भारपणापासून मूल दोन वर्षांचे होईपर्यंतच्या हजार दिवसांवर या मिशनने भर दिला. २००५-०६ मध्ये राज्यातल्या दोन वर्षांखालच्या मुलांत सुमारे ३९ टक्के मुले वयाच्या मानाने खुरटलेली होती. २०१२ च्या सर्वेक्षणात ते प्रमाण २४ टक्क्यांच्या आसपास आले. सगळे श्रेय एका मिशनला देता येणार नाही. त्या काळात उत्पन्न वाढले, मुलींचे शिक्षण वाढले, दवाखान्यातली बाळंतपणे वाढली. पण या सात वर्षांत राज्याने या प्रश्नावरची नजर हटू दिली नाही, हे खरे. २०११ मध्ये तर केंद्राने गडचिरोलीची पद्धत देशभरातल्या आशांच्या कामात घेतली.

त्यानंतर नजर हटली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३४.४ टक्के मुले खुरटलेली होती. पाचव्या फेरीत ३५.२ टक्के. तीव्र कुपोषित, म्हणजे उंचीच्या मानाने वजन फारच कमी असलेली मुले ९.४ टक्क्यांवरून १०.९ टक्क्यांवर गेली. देशातल्या श्रीमंत राज्यांत गणल्या जाणाऱ्या राज्यात दर दहा मुलांमागे एक मूल या अवस्थेत असणे ही लाजिरवाणी गोष्ट आहे.

सभागृहाची आयुधे

सार्वजनिक आरोग्य हा घटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्यसूचीतला विषय आहे. योजना केंद्राची असो, न्यायालयाचा आदेश असो, डॉक्टर नेमणे, औषध खरेदी करणे, आशांच्या मानधनातला राज्याचा वाटा ठरवणे ही कामे मुंबईत आणि नागपुरातच होतात. त्यासाठी २८८ आमदार विधानसभेत आणि ७८ विधान परिषदेत बसतात. त्यांच्या हाती बरीच आयुधे आहेत. तारांकित प्रश्न, अर्धा तास चर्चा, नियम १०५ ची लक्षवेधी, नियम २९३ ची चर्चा, पुरवणी मागण्यांवरचे भाषण, अशासकीय विधेयक. कुठले आयुध कशासाठी, हे कळले की निम्मे काम होते.

तारांकित प्रश्नाचा छापील कागद एकदा नीट वाचून पाहावा. 'हे खरे आहे काय की' असे म्हणून तो सुरू होतो. अमुक तालुक्यात अमुक महिन्यांत इतकी बालके दगावली, असल्यास चौकशी केली काय, त्यात काय आढळले, त्यानुसार काय कारवाई केली, नसल्यास विलंबाची कारणे काय, अशी त्याची उतरंड असते. समोर उत्तर येते. 'हे अंशतः खरे आहे.' कधी 'हे खरे नाही', आणि मग पुढच्या सगळ्या उपप्रश्नांना एकच ओळ, 'प्रश्न उद्भवत नाही.' प्रश्नात एक आकडा चुकीचा असला, गावाचे नाव शेजारच्या तालुक्यात गेले, कुपोषण हे मृत्यूचे थेट कारण म्हणून लिहिले, की खात्याला ही ओळ लिहिता येते. कुपोषित मूल न्यूमोनियाने गेले तर मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनियाच लिहिला जाणार. मग 'कुपोषणामुळे मृत्यू झाले हे खरे आहे काय' या प्रश्नाला 'हे खरे नाही' असे उत्तर येते आणि नियमाच्या भाषेत ते बरोबरही ठरते.

म्हणून जाणकार कार्यकर्ते आमदारांना वेगळा प्रश्न लिहून देतात. अमुक प्रकल्पात शून्य ते सहा वयाची किती मुले नोंदलेली आहेत, गेल्या सहा महिन्यांत किती दगावली, त्यांतली किती तीव्र कुपोषित म्हणून आधीच नोंदलेली होती, त्यांतली किती पोषण पुनर्वसन केंद्रात दाखल झाली, त्या केंद्रात आहारतज्ज्ञाचे पद भरलेले आहे काय आणि नसल्यास कधीपासून रिक्त आहे. या प्रश्नाला 'उद्भवत नाही' म्हणता येत नाही. त्याला आकडे द्यावेच लागतात, आणि दिलेला आकडा पुढच्या अधिवेशनात त्याच खात्यासमोर ठेवता येतो.

लक्षवेधीवर मंत्र्यांना उभे राहून निवेदन करावे लागते. सदस्य त्यावर प्रश्न विचारतात आणि तिथे 'तीन महिन्यांत पदे भरू', 'कक्ष सुरू करू' असे शब्द निघतात. ते कामकाजाच्या नोंदीत येतात आणि त्यांचा पाठपुरावा करण्यासाठी विधिमंडळाची स्वतंत्र आश्वासन समिती असते. या समितीकडे पत्रकारांचे लक्ष क्वचितच जाते, कार्यकर्त्यांचेही फारसे नाही. मुलांसाठी दिलेली किती आश्वासने तिथे पडून आहेत, हे विचारणे प्रत्येक अधिवेशनाचे पहिले काम असायला हवे.

सभागृह मनावर घेते तेव्हा काय होते, हे २०१८ च्या मार्चमध्ये दिसले. अंगणवाडी सेविकांना अत्यावश्यक सेवा कायदा, म्हणजे मेस्मा, लावला गेला होता. अर्थसंकल्पी अधिवेशनात त्यावरून विरोधकांसोबत सत्तेतल्या शिवसेनेचे आमदारही उभे ठाकले, कामकाज बंद पडले आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांना त्या निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. आमदार पक्षाची रेषा ओलांडून एकत्र आले होते, आणि ते सर्वांत कमी मानधनावर मुलांना सांभाळणाऱ्या बायकांसाठी.

घोषणा आणि शासन निर्णय

सभागृहातल्या किंवा बैठकीतल्या घोषणेला पैसा जोडला जातो तो शासन निर्णय निघाल्यावर आणि लेखाशीर्षाखाली तरतूद झाल्यावर. या दोहोंमधले अंतर किती असू शकते, हे आशांच्या लढ्याने दाखवून दिले. २०२३ च्या नोव्हेंबरात आशांच्या मानधनात ७,००० रुपयांची वाढ जाहीर झाली. त्यानंतर नागपूरचे हिवाळी अधिवेशन झाले, वर्ष संपले, पण शासन निर्णय आला नाही. १२ जानेवारी २०२४ पासून राज्यभरातल्या आशा पुन्हा संपावर गेल्या, फेब्रुवारीत मुंबईच्या आझाद मैदानावर ठिय्या देऊन बसल्या. मार्चच्या मध्यावर शासन निर्णय निघाला तेव्हा वाढ ५,००० रुपयांची होती. जाहीर झालेल्या शब्दातले २,००० रुपये वाटेत गळाले आणि उरलेल्या पाच हजारांसाठी हजारो बायकांना घरदार सोडून उघड्यावर बसावे लागले. त्या आठवड्यांत किती बाळांचे घरभेटीचे दिवस चुकले असतील, याची नोंद कुणीच ठेवलेली नाही.

आशाताई घरी येते म्हणजे नेमके काय करते, हे आमदारांनी एकदा तिच्यासोबत जाऊन पाहायला हवे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. बाळंतपण घरी झाले तर पहिल्या दिवशीही. ती आधी हात धुते. झोळीच्या काट्याला बाळ टांगून वजन पाहते. काखेत थर्मामीटर लावते. मग बाळाच्या पोटावर नजर ठेवून घड्याळ लावते आणि पूर्ण एक मिनिट श्वास मोजते. श्वास साठ किंवा त्याहून जास्त झाले की ती पुन्हा मोजते, आणि पुन्हा तेवढेच आले की दवाखान्यात न्यायला सांगते. आई अंगावर नीट पाजते का, नाळ ओली आहे का, बाळ गार पडले आहे का, हे सगळे ती पाहते आणि कागदावर खुणा करते. या सगळ्या भेटींचा ठरलेला मोबदला आहे २५० रुपये. वजनाची नोंद, लसीकरण, जन्मनोंदणी यांसोबत आई आणि बाळ बेचाळिसाव्या दिवशी सुखरूप असणे ही अटही मार्गदर्शक सूचनांत घातलेली होती. सर्वांत अशक्त बाळाकडे तिला सर्वांत जास्त वेळा जावे लागते आणि तेच बाळ जाण्याची भीतीही सर्वांत जास्त. मोबदल्याची ही रचना बदलायला हवी, आणि ती बदलण्याची जागा सभागृहच आहे.

तसेच अंगणवाडीतल्या दंडघेराच्या पट्टीचे. सहा महिन्यांवरच्या मुलाच्या डाव्या दंडाभोवती ही अरुंद पट्टी गुंडाळतात. हिरव्या भागात आले तर ठीक, पिवळ्यात म्हणजे साडेबारा सेंटिमीटरच्या खाली, लालमध्ये म्हणजे साडेअकराच्याही खाली. लालमधल्या मुलाचा दंड मोठ्या माणसाच्या दोन बोटांएवढा असतो. पट्टीची किंमत नगण्य आहे. ती लाल दाखवते त्यानंतरच खर्च सुरू होतो. ग्राम बाल विकास केंद्रातला वाढीव आहार, तिथे रोज हजर राहणारी सेविका, मूल आजारी असेल तर पोषण पुनर्वसन केंद्रातली खाट आणि तिथे मुलासोबत राहणाऱ्या आईची बुडालेली मजुरी. राज्यात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. लाल पट्टीनंतरच्या या साखळीसाठी दर वर्षी किती तरतूद झाली आणि किती खर्च झाली, हा एकच प्रश्न प्रत्येक अर्थसंकल्पी अधिवेशनात विचारला गेला तरी पुष्कळ काही उघडे पडेल.

वहीतून सुटणारी मुले

हिवाळी अधिवेशन भरते तेव्हा मराठवाड्यातली ऊसतोड कुटुंबे कारखान्यांच्या फडात असतात. बीड, धाराशिव, जालन्याची मुले तेव्हा पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात पाचटाच्या खोपीत राहतात. मेळघाटातली कुटुंबेही कामासाठी पठाराखाली उतरलेली असतात. मूल आपल्या गावच्या अंगणवाडीच्या यादीत असते, प्रत्यक्षात दुसऱ्या जिल्ह्यात. लस चुकते, पोषण आहार बुडतो, आजारी पडले तर रेशनकार्ड गावच्या पेटीत राहिलेले असते. स्थलांतरित मुलांची नोंद ठेवण्यासाठी महिला व बालविकास विभागाने २०२२ मध्ये स्वतंत्र प्रणाली आणली. दिशा योग्य आहे. आता विचारायचे ते हे की नोंद झालेल्या किती मुलांना नव्या ठिकाणी प्रत्यक्ष आहार आणि लस मिळाली.

विम्याच्या योजनेतही हीच अडचण. नवजात बाळाचे नाव रेशनकार्डात चढलेले नसते, आधार नसते, जन्मदाखला हाती आलेला नसतो. बाळ आजारी पडते ते यांपैकी काहीही होण्याच्या आत. आईवडिलांच्या कार्डावर बाळाचे उपचार विनाअट आणि विनाविलंब व्हावेत, कागद मागाहून घ्यावेत, एवढी एक ओळ स्पष्ट आदेशात असली आणि ती प्रत्येक रुग्णालयाच्या दारात मराठीत लावली, तर कितीतरी बापांची तहसील कचेरीतली धावपळ वाचेल.

शाळा आणि अंगणवाडीतल्या मुलांच्या तपासणीसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी देशात त्याची सुरुवात झाली ती आपल्या पालघरमधूनच. शून्य ते अठरा वयाच्या मुलांतले जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि वाढीतले अडथळे अशा तीसेक बाबींची तपासणी फिरत्या पथकाने करायची, हे त्यात अपेक्षित आहे. तपासणीचे आकडे लाखांत सांगितले जातात. ऐकू न येणारे, चालायला उशीर लागलेले मूल सापडल्यावर त्याला जिल्ह्याच्या केंद्रात वर्षभर नियमित उपचार मिळाले का, हा आकडा मात्र मागावा लागतो.

पदे, पैसा आणि जबाबदारी

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयातल्या नवजात कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. ज्या खोलीत बाळांना वाचवण्यासाठी आणले होते, तिथेच ती गेली. यंत्रे आली, कक्ष उघडले, पण त्यांची देखभाल, विजेची तपासणी, रात्रपाळीतल्या परिचारिकांची संख्या यांकडे तेवढेच लक्ष गेले नाही तर काय होते, हे त्या रात्री राज्याने पाहिले.

२०२४ च्या डिसेंबरात, नागपूर अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, राज्यातल्या सार्वजनिक आरोग्य व्यवस्थेवरचा कॅगचा अहवाल सभागृहात ठेवला गेला. सार्वजनिक आरोग्य विभागात डॉक्टरांची २२ टक्के आणि परिचारिकांची ३५ टक्के पदे रिक्त असल्याचे त्यात नोंदले होते. अधिवेशन जेमतेम आठवड्याचे होते. मंत्र्यांचा शपथविधी झाला होता, पण खातेवाटप झाले ते अधिवेशन संपताना. म्हणजे आरोग्याच्या दुखण्याचा सर्वांत मोठा पुरावा सभागृहात आला तेव्हा त्यावर उत्तर द्यायला आरोग्यमंत्रीच नव्हता आणि चर्चेला दिवसही उरला नव्हता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने राज्यांनी आपल्या अर्थसंकल्पाचा आठ टक्क्यांहून अधिक भाग आरोग्यावर खर्चावा, असे म्हटले आहे. महाराष्ट्र त्यापासून दूर आहे. राजस्थानने २०२३ च्या मार्चमध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला. आपल्याकडे जन आरोग्य अभियानासारख्या संघटना वर्षानुवर्षे अशा हक्काची मागणी करत आहेत.

आता तुमचे काम

हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा हिवाळी अधिवेशन उंबरठ्यावर असेल. प्रश्नांच्या सूचना आमदारांच्या कार्यालयांतून आधीच जाऊ लागतात, तेव्हा दिवाळीची सुट्टी हीच आपल्या आमदाराला भेटण्याची योग्य वेळ. रिकाम्या हाताने जाऊ नका आणि मोघम बोलू नका. जाण्यापूर्वी आपल्या भागातल्या आशाताईला आणि अंगणवाडीताईला भेटा, प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन कोणती पदे भरलेली आहेत ते फलकावर वाचा. मग आमदारांच्या हाती चार प्रश्न लेखी द्या. आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी २८ दिवसांच्या आतली किती बाळे गेली आणि त्यांपैकी किती जणांकडे आशांच्या सर्व घरभेटी झाल्या होत्या? तीव्र कुपोषित मुलांपैकी किती जणांना उपचार पूर्ण होईपर्यंत सांभाळले? नवजात कक्षात आणि पोषण पुनर्वसन केंद्रात किती पदे किती महिने रिक्त आहेत? आणि मुलांच्या आरोग्याबद्दल गेल्या अधिवेशनांत दिलेली कोणती आश्वासने अजून अपुरी आहेत?

उत्तर आले की ते जपून ठेवा, गावात वाचून दाखवा, मार्चमधल्या अर्थसंकल्पी अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावा. वावर-वांगणीनंतर, 'कोवळी पानगळ'नंतर जे बदल झाले ते कुणीतरी मागे लागून राहिल्यामुळेच झाले. मत मागायला येणाऱ्यांकडे शेती, नोकरी, आरक्षण यांसोबत मुलांच्या आरोग्याचा हिशेब मागायची सवय आपण लावून घेतली पाहिजे. ज्यांना मत नाही त्यांच्यासाठी ज्यांना मत आहे त्यांनीच बोलायचे आहे. ती जबाबदारी मतदार म्हणून तुमची आणि माझी आहे.